रित्या दीर्घिकांचा माग

१९३८ च्या सुमारास हार्वर्ड वेधशाळेत दक्षिण आफ्रिकेहून आलेली एक काच तपासली जात होती. ब्लोमफाँटेनजवळच्या बॉयडन केंद्रातल्या २४ इंची ब्रूस दुर्बिणीने दक्षिण आकाशाचा एक तुकडा तिच्यावर टिपला होता. त्या काळी आकाशाची छायाचित्रे रसायनाचा थर दिलेल्या काचेवर घेत आणि ती उलटीच वाचत: आकाश पांढरट, तारे काळे. स्कल्प्टर तारकासमूहाच्या त्या काचेवर एका जागी अगदी बारीक ठिपक्यांची दाटी दिसत होती. एकेक ठिपका दुर्बिणीच्या नजरेच्या पार काठावरचा. थर बिघडला असावा किंवा कुणाचे बोट लागले असावे असे वाटावे, इतका तो पुंजका पुसट होता.

वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी तो डाग म्हणून सोडून दिला नाही. आकाशगंगेचा आवाका मोजून सूर्य तिच्या मध्यभागी नाही हे दाखवणारे हेच शॅप्ली. त्यांनी संग्रहातल्या जुन्या काचा काढायला लावल्या, आणि लहान कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रांवरही नेमक्या त्याच जागी पुसट सावली निघाली. वस्तू खरी होती. थोड्याच काळात फोर्नॅक्स तारकासमूहात तिची बहीण सापडली. १९३८ मध्ये ‘नेचर’मध्ये शॅप्लींनी या दोन्हींची ओळख करून दिली ती अगदी नव्या जातीच्या तारकाव्यवस्था म्हणून. त्या दीर्घिकेइतक्या दूर होत्या, पण दीर्घिकेचे तेज त्यांच्यात नव्हते. तारकागुच्छाइतक्या साध्या दिसत होत्या, पण कुठल्याही गुच्छाहून कितीतरी पसरलेल्या होत्या.

वॉल्टर बाडे आणि एडविन हबल यांनी लगेच माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण स्कल्प्टरकडे वळवली. त्यांना तिथे झपाट्याने मंद-तेजस्वी होणारे म्हातारे तारे मिळाले आणि त्यावरून अंतरही काढता आले. आज ते २ लाख ८० हजार प्रकाशवर्षांच्या आसपास धरले जाते. पण या शोधातली मोलाची गोष्ट त्या काचेवर नव्हतीच, असे मला वाटते. तेजस्वी निळा तारा एकही नव्हता, चमकणारा तेजोमेघ नव्हता, धुळीचा पट्टाही नव्हता. वजनदार निळे तारे काही कोटी वर्षांतच जळून संपतात, म्हणून जिथे ते दिसत नाहीत तिथे अलीकडे एकही मोठा तारा जन्मलेला नसतो. आकाशगंगेच्या उंबऱ्याशी लाखो ताऱ्यांची वस्ती होती, आणि तिथे जन्म थांबलेला होता.

पुढे युद्ध आले. माउंट विल्सनच्या पायथ्याच्या लॉस एंजेलिसचे दिवे मालवले गेले आणि त्या अंधारात बाडे यांनी १९४३ च्या शरदात देवयानी दीर्घिकेच्या दोन छोट्या सोबतिणींमधले तारे सुटे करून दाखवले. तिथेही वस्ती लाल आणि म्हाताऱ्या ताऱ्यांचीच. पालोमारच्या सर्वेक्षणातून १९५० च्या दशकात लिओ-१, लिओ-२, ड्रॅको आणि उर्सा मायनर या आकाशगंगेच्या उपदीर्घिका सापडल्या, आणि त्याही याच वळणाच्या निघाल्या. खगोलशास्त्रज्ञ त्यांना लंबगोल बटुदीर्घिका म्हणू लागले.

तारा वायूपासून बनतो. म्हणून प्रश्न साहजिक होता: या बटुदीर्घिकांमध्ये वायू शिल्लक आहे का? त्याचे उत्तर डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातून मिळणार नव्हते. जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये हेंड्रिक व्हॅन डी हल्स्ट या तरुणाने १९४४ साली सांगून ठेवले होते की थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी एक कोटी वर्षे लागतात, पण अवकाशात अणूंना तोटा नाही. २५ मार्च १९५१ रोजी हार्वर्डमध्ये यूएन आणि पर्सेल यांनी ती लहर पकडली. पाठोपाठ सिडनीत ख्रिस्तियन्सन आणि हिंडमन यांनी तिला दुजोरा दिला.

सिडनीच्या पश्चिमेला पॉट्स हिल नावाची जागा आहे. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठी तिथे त्या दशकात रेडिओ खगोलशास्त्राचे ठाणे होते. १९५३ मध्ये फ्रँक कर, जिम हिंडमन आणि ब्रायन रॉबिन्सन यांनी तिथल्या ३६ फुटी थाळीवर मॅगेलनचे मेघ आपसूक सरकत येऊ दिले आणि २१ सेंटिमीटरची लहर मोजली. हे मेघ म्हणजे आकाशगंगेच्या सर्वांत तेजस्वी उपदीर्घिका. दक्षिण गोलार्धात त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. छोट्या मेघात धूळ जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे त्यात वायूही नसेल अशी पुष्कळांची समजूत होती. ती साफ चुकली. दोन्ही मेघांत कोट्यवधी सूर्यांइतका हायड्रोजन होता आणि तो ताऱ्यांच्या हद्दीबाहेर दूरवर पसरला होता.

याच पॉट्स हिलला १९५३ साली गोविंद स्वरूप नावाचा भारतीय तरुण येऊन दाखल झाला होता. ख्रिस्तियन्सन यांनी सूर्याच्या निरीक्षणासाठी तिथे मांडलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ थाळ्यांवर त्याने काम केले. पुढे त्या थाळ्या ऑस्ट्रेलियाने भारताला दिल्या, आणि १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी स्वरूप यांनी त्या कल्याणला उभ्या केल्या. महाराष्ट्रातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात ही अशी, आणि तिचा धागा या कथेत पुढे पुन्हा गुंतणार आहे.

मेघांत वायू आहे म्हटल्यावर लंबगोल बटुदीर्घिकांची पाळी आली. १९७८ साली जिलियन नॅप यांनी आणखी एका सहकाऱ्यासह हे काम केले, आणि त्यांच्या जोडीला होते पॉट्स हिलचेच फ्रँक कर, आता अमेरिकेत स्थायिक झालेले. ज्या माणसाने पाव शतकापूर्वी मेघांतला वायू शोधला त्यानेच या शेजारणी तपासल्या, आणि हाती काहीच लागले नाही. वायू असलाच तर अमुक इतक्यापेक्षा कमी, एवढेच लिहिता आले.

असे शोधनिबंध कुणी मिरवत नाही. पण त्या रित्या आकड्यांनी पुढच्या पिढीला झोप लागू दिली नाही. कारण ताऱ्यांनी सगळा वायू वापरून संपवला म्हणावे तरी हिशेब जुळत नव्हता. म्हातारा तारा लाल राक्षसी अवस्थेत आपले बाहेरचे थर अवकाशात सोडत राहतो. अब्जावधी वर्षांत या म्हाताऱ्या वस्तीने सोडलेलाच वायू दुर्बिणीला दिसण्याइतका साचायला हवा होता, आणि तोही नव्हता. म्हणजे वायू एकदा गेला आणि संपला एवढ्यावर भागत नव्हते. तो जातच राहिला होता. मग नेतो कोण?

पहिला संशय घरातल्यांवरच आला. वजनदार तारा स्फोट होऊन मरतो. अशा एका सुपरनोव्हाची ऊर्जा मोठ्या दीर्घिकेत जिरून जाते, पण बटुदीर्घिकेचे गुरुत्व इतके दुबळे असते की सेकंदाला काही दहा किलोमीटरचा वेग मिळाला तरी वायू कायमचा निसटतो. रिचर्ड लार्सन यांनी १९७४ मध्ये हे गणित मांडले, आणि १९८६ मध्ये अविशाय डेकेल व जोसेफ सिल्क यांनी त्यात कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने ओढणाऱ्या द्रव्याची, भर घालून ते पक्के केले. ती भर घालणे भाग होते. १९८३ साली मार्क आरनसन यांनी ड्रॅकोतल्या अवघ्या तीन कार्बन ताऱ्यांचे वेग मोजले होते, आणि ड्रॅकोत दिसणाऱ्या ताऱ्यांच्या मानाने ते वेग फारच जास्त भरले. तीन ताऱ्यांवरून असा निष्कर्ष काढायला धैर्य लागते. आकाशगंगेची ही चिमुकली शेजारीण कृष्णद्रव्याने भरलेली आहे, हा त्यांचा निष्कर्ष पुढे शेकडो ताऱ्यांच्या मोजमापांत टिकला. ते पाहायला आरनसन राहिले नाहीत. १९८७ मध्ये किट पीक वेधशाळेत दुर्बिणीच्या घुमटाशी झालेल्या अपघातात, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले.

स्फोटांचा सिद्धान्त सुटसुटीत होता, पण शेजारपाजार पाहिला की तो अपुरा पडे. स्फोट ही घरातली गोष्ट. मग दीर्घिका कुठे राहते याने फरक पडायला नको. इथे कथा एस्टोनियात जाते. तार्तूच्या वेधशाळेत यान एनास्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या दीर्घिकांच्या सोबतिणी जवळच्या कोणत्या आणि लांबच्या कोणत्या, अशा मांडून पाहिल्या. वायू नसलेल्या बहुतेक यजमान दीर्घिकेला खेटून आणि वायूने भरलेल्या बहुतेक दूर, अशी स्पष्ट विभागणी निघाली. १९७४ च्या ‘नेचर’मध्ये त्यांनी लिहिले की यजमान दीर्घिकेभोवती तप्त वायूचे विशाल प्रभामंडल असले पाहिजे आणि तेच जवळ आलेल्यांचा वायू काढून घेत असले पाहिजे. सोव्हिएत काळातल्या एका छोट्या वेधशाळेतून, तयार याद्यांतले आकडे नुसते नीट मांडून हे निघाले. या साऱ्या इतिहासात मला हे पान फार आवडते.

तप्त प्रभामंडलाची कल्पना मात्र त्यांची नव्हती. लायमन स्पिट्झर यांनी १९५६ मध्येच ती मांडली होती. आकाशगंगेच्या चकतीपासून फार उंचावर काही थंड ढग तग धरून होते. बाहेरून त्यांना कुणीतरी दाबून धरल्याशिवाय ते विखुरले असते. तेव्हा भोवती दहा लाख अंश तापमानाचा अतिविरळ वायू असावा, असे स्पिट्झर यांचे म्हणणे. तो इतका विरळ की थेट दिसण्याची आशाच नव्हती. आणि १९७२ मध्ये जेम्स गन व रिचर्ड गॉट यांनी दीर्घिकांच्या मोठ्या समूहांचा विचार करताना त्याचा परिणाम मोजण्याचे सूत्र दिले. वारा पडलेला असला तरी दुचाकी भरधाव हाकली की वारा तोंडावर आदळतो. तसा स्थिर वायूतून धावणाऱ्या दीर्घिकेवर समोरून दाब येतो. वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग एवढा तो दाब. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. दीर्घिकेच्या गुरुत्वाची पकड त्यापुढे कमी पडली की वायू मागे सुटतो. तारे मात्र जागचे हलत नाहीत, कारण हा विरळ वायू ताऱ्याला अडवू शकत नाही.

याच सुमारास आकाशात या गोष्टीचा एक प्रचंड पुरावा सापडला. १९७४ साली ऑस्ट्रेलियात डॉन मॅथ्यूसन आणि सहकाऱ्यांना मॅगेलनच्या मेघांमागे हायड्रोजनची लांबच लांब पट्टी दिसली. आज तिला मॅगेलन प्रवाह म्हणतात, आणि तिच्या पुढच्या फांदीसह ती जवळपास २०० अंश पसरलेली आहे, म्हणजे आकाशाच्या अर्ध्या वळशाहून जास्त लांब. डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. दोन्ही मेघांच्या आपसांतल्या ओढाताणीने त्यातला बराच वायू बाहेर खेचला गेला आणि प्रभामंडलाच्या दाबाने तो मागे लोटला गेला, असे आज बहुतेकांचे मत आहे. कुणाचा वाटा किती, यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

डग्लस लिन आणि सँड्रा फेबर यांनी १९८३ मध्ये हे सारे एकत्र आणले. लंबगोल बटुदीर्घिका ही मुळात निराळी जात नाहीच. वायूने भरलेल्या अनियमित बटुदीर्घिका आकाशगंगेजवळ आल्या, वायू गमावून बसल्या आणि तशा झाल्या, असे त्यांनी सुचवले.

मग १९९० च्या दशकात कॅरिना या उपदीर्घिकेने सगळ्यांनाच पेचात टाकले. तिच्यातल्या ताऱ्यांची वये काढली तेव्हा त्यांच्या तीन स्पष्ट पिढ्या दिसल्या आणि मध्ये अब्जावधी वर्षांची सामसूम. स्फोटांनी वायू एकदाचा उडवला असता तर दुसरी पिढी जन्मलीच नसती. १९९८ मध्ये तर खुद्द स्कल्प्टरजवळ वायू सापडल्याची बातमी आली. पण तो दीर्घिकेच्या मधोमध नव्हता. तिच्या दोन बाजूंना दोन ढग होते. आणि आकाशाच्या त्याच भागातून मॅगेलन प्रवाह जातो. ढग स्कल्प्टरचे की वाटेत दिसणारे परके, याचा निवाडा झाला नाही, आणि बहुतेकांनी ते तिच्या खाती धरायचे थांबवले.

जेना ग्रसेविच आणि मेरी पुटमन यांनी २००९ मध्ये ज्ञात शेजारणींतल्या वायूची मोजमापे अंतरानुसार मांडली. आकाशगंगेपासून किंवा देवयानीपासून साधारण ९ लाख प्रकाशवर्षांच्या आत जवळजवळ सगळ्या बटुदीर्घिका कोरड्या, त्यापलीकडच्या बहुतेक वायूवाल्या. मोजके अपवाद होते, त्यांत मॅगेलनचे मेघ ठळक. एनास्तोंनी मांडलेली कुंपणरेषा आता आपल्या घराभोवती वायूच्या आकड्यांतूनही उमटली.

त्या रेषेपलीकडे, सुमारे १४ लाख प्रकाशवर्षांवर, लिओ-टी आहे. २००७ साली स्लोन सर्वेक्षणातून ती मिळाली. तिचे सगळे तारे मिळून वस्तुमान लाखभर सूर्यांचे. एखादा तारकागुच्छ याहून भारी असतो. आणि तरीही तिच्यात अलीकडे जन्मलेले निळे तारे होते. वायू असेल का, हे पाहण्यासाठी तिच्याकडे ज्या दुर्बिणी वळल्या त्यांत नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्कच्या जोडीला आपली जीएमआरटी होती. नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची ही दुर्बीण त्याच गोविंद स्वरूपांनी उभी केली, ज्यांच्या कामाची सुरुवात पॉट्स हिलला झाली होती. २००८ मधल्या त्या निबंधात लिओ-टीच्या पोटात २ लाख ८० हजार सूर्यांइतका हायड्रोजन निघाला, म्हणजे ताऱ्यांच्या दुपटीहून जास्त. इतकी दुबळी दीर्घिकाही, कुणी छेडले नाही तर, आपला वायू सांभाळून राहू शकते.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी रशियन सहकाऱ्यांसह त्या वर्षांत जीएमआरटीने अशा ६० वर मंद बटुदीर्घिकांचे सर्वेक्षण केले. त्यांतल्या एनजीसी ३७४१ या दीर्घिकेची वायूची चकती तर ताऱ्यांच्या दिसणाऱ्या भागाच्या आठपट दूर पसरलेली निघाली. मोठ्या शेजाऱ्यापासून लांब राहिलेल्या दीर्घिकेजवळ किती वायू उरतो, हे अशा मोजमापांमुळे कळले, आणि जवळ आलेल्यांनी काय गमावले त्याचा अंदाज बांधता आला.

२०१२ मध्ये मार्ला गेहा यांनी सहकाऱ्यांसह स्लोन सर्वेक्षणातल्या हजारो एकांतवासी बटुदीर्घिका तपासल्या. मोठ्या शेजाऱ्यापासून सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांपलीकडे तारे जन्मणे थांबलेली बटुदीर्घिका जवळपास मिळालीच नाही. हजारात एकही नाही. स्फोट प्रत्येक दीर्घिकेत होतात. ते वायू ढवळतात, पसरवतात आणि पकड सैल करतात, पण घर रिते करायला बाहेरचा हात लागतो, असे या आकड्याने पुष्कळांना पटवले.

बाहेरचा हात कधी लागला याची तारीखही एका प्रकरणात मिळाली. लिओ-१ आज ८ लाखांहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे आणि आपल्यापासून दूर चालली आहे. हबल अवकाश दुर्बिणीने २००६ आणि २०११ अशी दोनदा तिची छायाचित्रे घेतली, आणि त्यांवरून आकाशाच्या पटलावरचे तिचे अतिसूक्ष्म सरकणे मोजले गेले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्या वेगावरून मागे हिशेब केला तर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी ती आकाशगंगेला सर्वांत जवळून, तीनेक लाख प्रकाशवर्षांवरून, गेली असे दिसते. तिच्या ताऱ्यांची वये स्वतंत्रपणे काढली होती, आणि तिथली तारकानिर्मितीही त्याच सुमारास ओसरली होती.

अगदी चिमुकल्या दीर्घिकांची हकिगत मात्र वेगळी. थॉमस ब्राउन यांच्या गटाने २०१४ मध्ये हबलने अशा सहा दीर्घिका तपासल्या, तेव्हा त्यांतले बहुतेक तारे विश्वाच्या पहिल्या शंभरेक कोटी वर्षांतच जन्मून गेल्याचे दिसले. सहाही जणींनी एकाच वेळी काम थांबवले होते, आणि आकाशगंगेशी त्यांची गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. इथे संशय जातो तो पहिल्या ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशावर. त्याने विश्वभरचा वायू दहा हजार अंशांवर तापवला, आणि एवढा तापलेला वायू धरून ठेवण्याइतके गुरुत्व या लहानग्यांकडे नव्हते. २०२२ मध्ये सापडलेली टुकाना-बी ही दीर्घिका ४५ लाखांच्या आसपास प्रकाशवर्षांवर एकटीच आहे, तरीही विझलेली आहे, आणि ती याच बाजूची साक्ष देते. लिओ-टीइतक्या छोट्या दीर्घिकेने मात्र त्या काळातूनही वायू वाचवला. तो कसा, यावर गणिते चालू आहेत.

या साऱ्या खटपटीतून स्पिट्झर यांचे न दिसणारे प्रभामंडल मोजता आले. कॅरिना आणि सेक्सटन्स या उपदीर्घिकांचा वायू काढून घ्यायला किती दाब लागला असेल, याचा उलटा हिशेब करून २०१३ मध्ये त्याची घनता काढली गेली. दोन वर्षांनी मॅगेलनच्या मोठ्या मेघावरून तोच प्रयोग झाला. हा मेघ सेकंदाला सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चालला आहे, आणि नित्या कल्लिवयलिल व गुर्तिना बेस्ला यांच्या २००६-०७ च्या कामानंतर तो आकाशगंगेजवळ बहुधा पहिल्यांदाच आला आहे असे मानतात. त्याच्या पुढच्या कडेला तारे दूरवर पसरले आहेत, पण वायूची चकती अलीकडेच कापल्यासारखी थांबते. त्या कापावरून घनता आली ती साधारण दहा हजार घन सेंटिमीटर जागेत एक कण. पृथ्वीवर कुठल्याही प्रयोगशाळेत इतकी पोकळी तयार करता येत नाही, आणि तीच पोकळी एका दीर्घिकेचा वायू खरवडते आहे.

इथवर सगळे आपल्या एका घराभोवतीचे. आकाशगंगेसारख्या इतर दीर्घिकांभोवतीही असेच असते का, हे पाहायला गेहा, रिसा वेक्सलर आणि याओ-युआन माओ यांनी सागा नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. २०१७ च्या पहिल्या निकालात आठ यजमान दीर्घिकांभोवतीच्या २७ उपदीर्घिकांपैकी २६ मध्ये तारे जन्मत होते. आपल्याकडे तर मेघ सोडले तर अशी एक मिळणे मुष्कील. २०२४ पर्यंत यजमानांची संख्या १०१ आणि उपदीर्घिकांची ३७८ झाली. लहान आणि यजमानाला खेटून असलेल्यांत विझलेल्या जास्त, हे त्यांच्याकडेही दिसू लागले, तरी एकूण चित्र आपल्यापेक्षा जिवंतच राहिले. आकाशगंगेच्या उपदीर्घिका इतरांच्या मानाने फार पूर्वी येऊन पोचल्या असतील. आपले प्रभामंडल अधिक दाट असेल. किंवा विझलेल्या दीर्घिका मंद असल्यामुळे सागाच्या दुर्बिणींच्या हातून त्या जास्त निसटल्या असतील. या तिसऱ्या शंकेचा निकाल लावण्यासाठी चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेकडे डोळे लागले आहेत. तिने २०२५ मध्ये पहिली चित्रे दिली, आणि येत्या दहा वर्षांत ती सगळे दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे.